चिखलदरा ते बडनेरा : मतदारसंघाची रेषा कोण आखतो?

१/ चिखलदऱ्याचा घाट उतरला की परतवाडा, पुढे अचलपूर, मग अमरावती आणि शहराला लागून बडनेऱ्याचे रेल्वे जंक्शन. मेळघाटातील कोरकू गाव आणि हे उपनगर आज मिळून एकच खासदार निवडतात. ही सोयरीक जुळली कशी?

२/ १९५२च्या पहिल्या निवडणुकीत वऱ्हाड प्रांत मध्य प्रदेशात होता. अमरावतीचे तेव्हा पूर्व व पश्चिम असे दोन लोकसभा मतदारसंघ होते. पश्चिमेतून निवडून आलेले पंजाबराव देशमुख पुढे देशाचे कृषिमंत्री झाले.

३/ आजचा नकाशा २००८चा. न्या. कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१च्या जनगणनेवरून तो आखला. बडनेरा, अमरावती, तिवसा, दर्यापूर, मेळघाट व अचलपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ अमरावती लोकसभेत आले. धामणगाव रेल्वे आणि मोर्शी मात्र वर्ध्यात! तेथील मतदाराचे जिल्हाधिकारी अमरावतीचे, खासदार वर्ध्याचे.

४/ त्याच फेरीत अनुसूचित जातींसाठीचे आरक्षण बुलढाण्यावरून उठले आणि अमरावतीला लागू झाले. बुलढाण्याचे खासदार आनंदराव अडसूळ २००९ साली अमरावतीतून लढले व जिंकले. मेळघाट विधानसभेला अनुसूचित जमातींसाठी राखीव, लोकसभेला अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघाचा भाग.

५/ माझा आक्षेप आरक्षणाला नाही. मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो समान असावी, हे तत्त्वही रास्तच. आक्षेप आहे तो आपल्या मौनाला. अंतिम आदेश निघाल्यावर राज्यघटनेचे कलम ३२९ न्यायालयाची वाट जवळजवळ बंद करते. नागरिकाला बोलता येते ते मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, हरकती व जाहीर सुनावणीच्या काळात.

६/ ८४व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवले होते. म्हणजे नव्या रेषांची वेळ जवळ येत आहे. तेव्हा एक सुनावणी धारणीत किंवा चिखलदऱ्यात व्हावी, आणि मसुदा कोरकू भाषेतही समजावून सांगितला जावा. दिवसाची मजुरी बुडवून, घाट उतरून शहर गाठणे ज्याला परवडते, त्याचीच हरकत नोंदवली गेली, तर ती सुनावणी अपुरीच म्हणावी लागेल.

७/ मित्रहो, किल्ल्यांचे नकाशे आपण आवडीने पाहतो. आपल्या मतदारसंघाचा नकाशाही एकदा उघडून पाहा. तोही इतिहासाचेच साधन आहे, आणि तो पुन्हा आखला जाणार आहे.