तान्ह्याची नजर आणि ओळख

"तान्ह्या लेकराला काय कळतंय?" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. बाळ दूध पिते, झोपते, रडते. पाहणे आणि लक्षात ठेवणे पुढचे, असा आपला समज असतो. हा समज चुकीचा आहे. मूल जन्मल्या दिवसापासून पाहते आणि पाहिलेले साठवू लागते. ही आठवण कशी वाढते, हे प्रत्येक आई-बापाने आणि आजी-आजोबांनी समजून घेतले पाहिजे.

नवजात बाळाला साधारण वीतभर अंतरावरचे बरे दिसते. दूध पाजताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. फ्रान्समध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी चार दिवसांची बाळे परक्या बाईपेक्षा आपल्या आईकडे जास्त वेळ पाहताना आढळली. पण दोघींच्या डोक्याला रुमाल बांधताच बाळांना हा फरक करता आला नाही. म्हणजे सुरुवातीची ओळख केस आणि चेहऱ्याची कड यांवर चालते. आपल्याकडे बाळंतीण कानाला रुमाल बांधते, वर पदर घेते. तिने तोंड जवळ नेऊन बाळाशी बोलत राहावे. आवाज आणि वास यांनीही बाळ आईला ओळखते.

रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ साली दाखवले की, दोन महिन्यांच्या पुढच्या बाळांना तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवले तर ती त्याच्याकडे कमी पाहतात आणि नव्या चित्राकडे वळतात. जुने लक्षात असल्याशिवाय नवे वेगळे कसे वाटेल?

आठवण टिकते किती दिवस? कॅरोलिन रोव्ही-कॉलियर या बाईंनी त्यासाठी सोपी युक्ती काढली. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याची फीत बाळाच्या पायाला बांधली. पाय झाडला की खेळणे हलते, हे बाळ शिकले. मग काही दिवसांनी तेच खेळणे पुन्हा दाखवले. दोन महिन्यांच्या बाळाला ते एक-दोन दिवस आठवले, तीन महिन्यांच्या बाळाला आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. १९८० साली त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट मांडली. तीन महिन्यांचे बाळ विसरले असे वाटत असताना ते हलते खेळणे त्याला थोडा वेळ नुसते दाखवले, तर दुसऱ्या दिवशी आठवण परत आली. विसरलेले सगळेच पुसले गेलेले नसते.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याकडे पाहू. कळंब, वाशी, भूम, परंडा भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. अंगावर पिणारे लेकरू आईबरोबर फडात जाते, आजी गावात राहते. पाच-सहा महिन्यांनी टोळी परतली की आजी हात पुढे करते आणि लेकरू भोकाड पसरते. मग "कारखान्यावर नेलं, लेकरू माणसाला बुजलं" म्हणून सुनेला बोल लागतो. पाय झाडण्याची आठवण आणि माणसाची ओळख अगदी एकच नव्हेत. पण पुन्हा पुन्हा पाहिल्याने ओळख पक्की होते, हे दोन्हीकडे खरे. शिवाय सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास परक्याला पाहून रडणे ही घरचा आणि बाहेरचा चेहरा वेगळा कळू लागल्याची खूण आहे. यात सुनेचा दोष नाही, आजीची माया कमी नाही. आजीने झडप घालून लेकरू ओढू नये. आईच्या मांडीवर असतानाच जवळ बसावे, बोलावे, बुवा-कुक खेळावे. दोन-चार दिवसांत लेकरू आपण होऊन येते. फडावर असताना आजीचा फोटो दाखवून तिचे नाव घेत राहावे.

आपल्याकडेही या विषयावर काम झाले आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांच्या पाहणीवरून अडीच वर्षांपर्यंतच्या विकासाची मोजपट्टी तयार केली. 'डासी' या नावाने ती डॉक्टर वापरतात. तिच्यात डोळ्यांनी जाणणे आणि लक्षात ठेवणे हे स्वतंत्र भाग आहेत.

पण डोळाच धड नसेल तर चेहरा मनात उतरणार कसा? तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे टक लावत नसेल, हलती वस्तू पाहत नसेल, किंवा कोणत्याही वयात बुबुळात पांढरे दिसत असेल, तर "पुढं होईल बरं" म्हणत थांबू नका. जन्मजात मोतीबिंदूवर पहिल्या काही आठवड्यांत उपचार झाले तरच नजर चांगली घडते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे; त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. तोपर्यंत न थांबता सरकारी दवाखाना गाठा. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. डोळ्यांत काजळ घालू नका आणि दृष्ट लागेल म्हणून बाळाला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका.

महागड्या खेळण्यांची यासाठी गरज नाही. उजेड, तुमचा चेहरा आणि रोजची थोडी सवड एवढे पुरे. दिवसभर राबून आलेल्या बापानेही हातपाय धुऊन घडीभर लेकराला समोर घ्यावे. ते तुमच्याकडे पाहत असते, आणि तुम्हाला लक्षात ठेवत असते.