शाळा उघडण्याआधी मुलांच्या मंचाला होकार द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनो, शिक्षकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनो आणि आईबाबांनो,

उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरत आला की उघडतात. तेवढ्या अवधीत एक निर्णय घ्या, ही कळकळीची विनंती. समलिंगी, तृतीयपंथी किंवा आपलं वेगळेपण अजून नीटसं न उमगलेल्या मुलामुलींना जिथे कोणी हसणार नाही, असा विद्यार्थ्यांनीच चालवलेला एक मंच तुमच्या शाळेत सुरू होऊ द्या.

'आमच्याकडे असलं कोणी नाही,' हे उत्तर आम्ही ओळखून आहोत. मागच्या बाकावरून ज्याला 'बायल्या', 'छक्का' अशी हाक येते तो तुमच्याच वर्गात बसतो. मधल्या सुट्टीत मुतारीत जायची भीती वाटते म्हणून तास सुरू झाल्यावर परवानगी मागणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल, बहुधा त्याला रागावलाही असाल. यातला प्रत्येक जण समलिंगी किंवा तृतीयपंथी असेलच असं नाही, पण चिडवणाऱ्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. युनेस्कोने तामिळनाडूत अशा 371 समलिंगी, तृतीयपंथी जणांना त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं. सुमारे एक तृतीयांश जणांनी या छळामुळे शिक्षण सोडलं होतं. शाळेकडे तक्रार नेली होती फक्त 18 टक्क्यांनी. म्हणून तुमची तक्रारपेटी रिकामी आहे, यावर फार विसंबू नका.

आपला जिल्हा या विषयाला नवखा नाही. 30 डिसेंबर 2017 ला, 377 कलम अजून लागू असताना, आयआयटी मुंबईत शिकून अमेरिकेत गेलेल्या यवतमाळच्या एका मुलाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराबरोबर याच शहरात लग्नसोहळा केला. देशभर बातमी झाली. पुढे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. पण लग्न करणारा तो मुलगा आधी इथून बाहेर पडला होता, स्वतःच्या पायावर उभा होता. घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या नववीतल्या पोराला उद्या सकाळी त्याच वर्गात जायचं आहे.

मंच मुलांनीच का चालवायचा? कारण चिडवतातही मुलंच, आणि थांबवूही तीच शकतात. दिल्लीच्या टागोर इंटरनॅशनल स्कूलमध्ये 2013 पासून विद्यार्थ्यांनी 'ब्रेकिंग बॅरियर्स' नावाची मोहीम चालवली, बाहेरच्या शाळांमध्येही जाऊन बोलले. आयआयटी मुंबईत 2011 पासून 'साथी' हा विद्यार्थी गट आहे. शाळेतल्या मंचाला एकच पथ्य कडकपणे पाळावं लागेल: तो सगळ्यांना खुला हवा आणि 'तू कोण?' हे कोणालाही विचारायचं नाही. आर्णी-दारव्ह्यासारख्या गावात कोण कुठे बसतो हे संध्याकाळपर्यंत घरी कळतं. मंच फक्त 'तसल्या' मुलांचा झाला, तर ज्याला गरज आहे तोच येणार नाही. वर्गातला कबड्डीचा कॅप्टन येऊन बसला, की बाकीच्यांची वाट मोकळी होते.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. अनेक शाळांत मीना-राजू मंच आहे, सखी सावित्री समितीचा शासन निर्णय 2022 मध्येच निघाला आहे. त्यांच्याच बैठकीत हा विषय घ्या. विश्वासाचे एक शिक्षक, आठवड्यातला एक तास आणि एक खोली एवढं पुरे. आश्रमशाळांनी आणि वसतिगृहांनी तर आधी हे करावं, कारण तिथली मुलं शाळा सुटल्यावरही चिडवणाऱ्यांच्याच सोबत झोपतात.

वरून आदेश येईल म्हणून थांबू नका. एनसीईआरटीने 2021 मध्ये शिक्षकांसाठी तृतीयपंथी मुलांवर पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच संकेतस्थळावरून उतरवली. तेव्हापासून दहावीच्या किती तुकड्या शाळा सोडून गेल्या, मोजा. संस्थाचालकांना कायद्याची धास्ती वाटत असेल तर त्यांना 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा दाखवा. शिक्षणात भेदभाव करायला त्यात मनाई आहे.

शिक्षकांना एक कळकळीचं सांगणं. मुलाने तुमच्याजवळ मन मोकळं केलं तर त्याच्या संमतीवाचून ते घरी कळवू नका. जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी. आणि पालकांनो, 'इलाज' करून देतो म्हणणाऱ्या कोणाच्याही दारात मूल नेऊ नका, मग तो बाबा असो की डॉक्टर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या काळात बळीराजा चेतना अभियान याच जिल्ह्यात राबवलं गेलं. घरातल्या गप्प माणसाला 'कसा आहेस?' विचारायला हवं, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. तोच प्रश्न आता वर्गात विचारायचा आहे.

व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत ठराव मांडा. आणि मंच उभा राहीपर्यंत निदान चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 आणि टेलि-मानसचा 14416 हे दोन मोफत क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर, मोठ्या अक्षरात, पहिल्याच दिवशी रंगवून घ्या.