विद्यार्थ्यांचा चित्रपट व वयाची अट

वऱ्हाडातील विद्यार्थ्यांनी चित्रपट काढावयाचे मनात आणिले, की कापूस, कर्ज व शेतकऱ्याची आत्महत्या हे विषय त्यांस दारातच भेटतात. असा चित्रपट शाळेत दाखविताना वयाची कोणती अट घालावी? १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन ‘यूए’ वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन भाग झाले. ही बंदी नव्हे. त्याहून लहान मुलांविषयी निर्णय पालकांनी करावयाचा असतो. आम्ही १३ पसंत करू. मात्र पडद्यावर रक्त दिसते की नाही, एवढ्यावरच वय ठरवू नये. नुसता रिकामा गोठाही एखाद्या मुलास असह्य होईल. तो त्याच्या घरचाच असावयाचा! यास्तव विषय निमंत्रणपत्रिकेवर स्पष्ट छापावा. त्याने रंगत जाते, अशी तक्रार आमचे बालदिग्दर्शक करतील, खुशाल करोत. ज्या घरी हे दुःख घडले, तेथे ती पत्रिका आठ दिवस आधी पोहोचली पाहिजे.