फ्रेंच घ्या, पण मराठी सोडून नको

आठवीत फ्रेंच घेतले की मराठी सुटते. काही पालकांना यात वावगे वाटत नाही, मला वाटते.

फ्रेंचमध्ये ‘इल ए पती’ म्हणजे ‘तो ठेंगणा आहे’ (‘पती’ ऐकून वर्ग हसणारच!) आणि ‘एल ए पतीत’ म्हणजे ‘ती ठेंगणी आहे’. विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, हे मराठी मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. इंग्रजीत दोघांनाही ‘शॉर्ट’च. प्रश्न विचारताना आपण वाक्य तसेच ठेवून शेवटी ‘का’ लावतो. फ्रेंच माणूस वाक्याआधी ‘एस्क’ लावतो. अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘त्यू’ नव्हे, ‘वू’ म्हणायचे. हे तर आपले घरचेच तू-तुम्ही!

मग ज्या भाषेचा आधार, तीच का काढून घ्यायची? दोन्ही तास एकाच वेळी येतात, ते येत्या जूनपासून वेगळे ठेवावेत, ही विश्वस्त मंडळास विनंती.