वारा कुणाच्या बाजूने?

‘आठच तास ना? मग बस की विमानात आणि जा!’ आई पुण्याहून फोनवर म्हणाली. मी लंडनला, नवरा न्यूयॉर्कला. दोघांच्याही नोकऱ्या झकास, त्यामुळे संसार वीकएंडचा.

हीथ्रो ते जेएफके अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी सातला निघते, तिकडे रात्री दहाला उतरते. घड्याळ म्हणतं, फक्त तीन तास! कारण न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे. प्रत्यक्षात मात्र बूड आठ तास खुर्चीत असतं.

परतीची गंमत वेगळी. रविवारी रात्री नऊला निघायचं, सोमवारी सकाळी नऊला लंडन. म्हणजे घड्याळात बारा तास, पण उड्डाण जेमतेम सातच तासांचं. अंतर तेच, मग एक तास गेला कुठे? तर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनकडे येताना तो विमानाला मागून ढकलतो, न्यूयॉर्ककडे जाताना समोरून अडवतो. म्हणून अटलांटिकवरचे हवाई मार्गसुद्धा रोज वाऱ्याचा अंदाज बघून नव्याने आखतात. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. कॉन्कॉर्डने १९९६ मध्ये हेच अंतर तीन तासांच्या आत कापलं होतं, पण ते २००३ मध्येच निवृत्त झालं.

थोडक्यात काय, नवऱ्याकडे जाताना वारा मला अडवतो आणि त्याच्यापासून दूर जाताना ढकलतो. सासू परवडली!

एकदा बसून हिशोब केला. विमानात पंधरा तास, शिवाय दोन्हीकडचे विमानतळ, रांगा, टॅक्सी. हातात उरतात जेमतेम चाळीस तास. त्यातले सोळा झोपेत, चार कपडे धुण्यात आणि दोन ‘पुढच्या वेळी कोण येणार’ ह्या भांडणात.

न्यूयॉर्क ऑफिसच्या ट्रान्सफरचा फॉर्म तीन महिने माझ्या ड्राफ्टमध्ये पडून होता. पगार थोडा कमी, पद एक पायरी खाली. ‘तूच ठरव,’ नवरा म्हणायचा. त्याचाच जास्त राग यायचा.

गेल्या सोमवारी विमान पन्नास मिनिटं आधी उतरलं. कॅप्टनने मोठ्या आनंदात सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. ही पन्नास मिनिटं मला लंडनला नको होती हो, काल संध्याकाळी हवी होती, त्याच्या किचनमध्ये, चहा उकळताना.

गेट रिकामं नव्हतं, म्हणून विमान तसंच उभं राहिलं. मी लॅपटॉप उघडला, फॉर्म पुन्हा एकदा वाचला आणि सबमिट केला.

आता एकदाच वाऱ्याविरुद्ध जायचं. आठ तास लागोत, नाहीतर दहा.