निवृत्तीचा पैसा : मर्जीवर की हक्कावर?

तासगाव म्हटले की द्राक्षे आणि बेदाणा. बागाईतदाराचे वर्षाचे उत्पन्न बागेतून येते. आपला समाज मात्र बहुतांशी त्या बागेतला मजूर. राखीव जागांमुळे शाळेत, एस.टी.त, नगरपालिकेत नोकरीला लागलेली आपली पिढी आता निवृत्त होत आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आठ-दहा लाख रुपये आयुष्यात एकदाच हाती येतात. शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नेमणुकांना जुनी पेन्शन बंद केल्यामुळे पुढच्या पिढीसाठी तर ही रक्कम म्हातारपणाची काठीच आहे.

हा पैसा जातो कुठे? एखाद्या पुढाऱ्याच्या पतसंस्थेत, एक टक्का जादा व्याजासाठी आणि ओळखीच्या भिडेपोटी. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ७ डिसेंबर २०२० रोजी रद्द केला. बँकेतील ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तोही नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

सरकारी रोखे हा याहून सुरक्षित मार्ग आहे. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेत सामान्य माणूस फुकट खाते उघडून किमान दहा हजारांचे रोखे थेट घेऊ शकतो. दहा लाख असतील तर दोन-दोन लाखांचे पाच भाग करावेत आणि एक, दोन, तीन, चार व पाच वर्षांनी मुदत संपणारे रोखे घ्यावेत. व्याज दर सहा महिन्यांनी मिळते आणि दरवर्षी एका रोख्याचे मुद्दल सुटते. गरज असेल तर ते वापरावे, नसेल तर पुन्हा पाच वर्षांच्या रोख्यात घालावे. अशी ही शिडी चालू राहते. व्याजदर पडले तरी सारी रक्कम एकाच वेळी कमी दरात अडकत नाही.

मात्र मुदतीआधी विकल्यास भाव कमी येऊ शकतो. व्याजावर आयकर आहे आणि महागाई रोख्याला खाते. म्हणून आजारपणापुरती रक्कम पोस्टात वेगळी ठेवावी. साठी ओलांडलेल्यांनी पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही आधी पाहावी.

१९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांनीच १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतन-बलुते हेही वर्षाचे उत्पन्नच होते. पण ते गावाच्या मर्जीवर मिळे आणि त्याच्या बदल्यात माणूस बांधला जाई. उत्पन्न किती, याइतकेच ते कोणाच्या हातून येते, हेही महत्त्वाचे असते. रोख्याचे व्याज मागायला कोणाच्या वाड्यावर जावे लागत नाही.

पण ज्या मजूर भगिनीकडे दहा हजारही शिल्लक नाहीत, तिने कोणती शिडी चढायची? वृद्धापकाळी साहाय्य मिळावे, असे संविधानाचे कलम ४१ शासनाला सांगते. ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांनी तो सांभाळावा आणि ज्यांच्या हाती तो नाही त्यांच्या पेन्शनसाठी रस्त्यावरही उतरावे. जयभीम!