दोन नंबरचा रिमोट

शनिवारची सकाळ, हातात दुसरा चहा आणि हापिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवलेला. अशा वेळी माणसाला हमखास जुनं काहीतरी आठवतं. आज आठवला 'कॉन्ट्रा'.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी 'व्हिडिओ गेम' होता (कन्सोल वगैरे शब्द आमच्या गावीही नव्हते) त्यांना ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: दोन उघडेबंब शिपाई, एक निळ्या पँटीतला आणि एक लाल पँटीतला, जंगलातून डावीकडून उजवीकडे पळत सुटतात आणि समोर येईल त्याला गोळ्या घालतात. संपली गोष्ट. कोनामी कंपनीनं १९८७ साली हा गेम आधी आर्केडसाठी काढला आणि १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती मशीनवर आणला. आमच्या सांगलीच्या घरात तो १९९६ च्या मे महिन्यात पोचला, तोही नकली मशीनबरोबर, '९९९९ गेम' अशी थाप छापलेल्या पिवळ्या कॅसेटवर. खरे गेम मोजून पंधरा-वीस, बाकी तेच फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. आज प्रॉडक्शनवरचा सर्व्हर रीस्टार्ट करताना मला तीच फुंकर आठवते :-)

मी अकरा वर्षांचा, बहीण आठ वर्षांची. एक नंबरचा रिमोट माझा, दोन नंबरचा तिचा. मी निळा, ती लाल. हे कोणी ठरवलं होतं? अर्थातच मी.

कॉन्ट्राबद्दल कुठेही वाचा, दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे तो किती अवघड होता, आणि दुसरी म्हणजे तीस लाईफचा तो प्रसिद्ध कोड: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रॅडियस'साठी लिहिला होता. टेस्टिंग करताना तो गेम त्यांना स्वतःलाच झेपत नव्हता म्हणून! म्हणजे टेस्टिंगची सोय तशीच प्रॉडक्शनमध्ये गेली आणि जगप्रसिद्ध झाली. आमच्यापैकी कोणी असं केलं तर सोमवारी मीटिंग लागते. हाशिमोतो २०२० मध्ये गेले, तेव्हा जगभरच्या लोकांनी हीच बटणं लिहून त्यांना निरोप दिला.

पण माझ्या मते कॉन्ट्राची खरी गंमत या दोन्हींत नाही. ती आहे दोघांना मिळून असलेल्या एकाच स्क्रीनमध्ये.

त्या मशीनची कामाची मेमरी २ केबी. कॉन्ट्राची अख्खी अमेरिकन कॅसेट १२८ केबीची. आपण मोबाईलवर काढतो तो एक फोटो तिच्या कितीतरी पट मोठा असतो. दोघांना दोन वेगळ्या जागा दाखवणं त्या काळी परवडणारं नव्हतं. म्हणून चित्र एकच, आणि दोघांनी त्यातच राहायचं. तिसऱ्या लेव्हलला धबधबा येतो आणि तिथे खरी परीक्षा होते. डावं-उजवं संपतं, उड्या मारत वर चढायचं असतं. जो पुढे असतो त्याच्याबरोबर स्क्रीन वर सरकतो. खालची कडा म्हणजे दरी. खालच्याच्या पायाखाली चांगला दगड असला तरी तो दगड स्क्रीनबाहेर गेला की तो मेला. शत्रूनं मारायची गरज नाही, जोडीदाराची घाई पुरते.

लहानपणी मी हे शेकडो वेळा केलं असेल. मला आठवतं ते एवढंच, की आम्ही दोघं मिळून मस्त खेळायचो.

मागच्या भाऊबीजेला ती आमच्याकडे पुण्याला आली होती. कोनामीनं २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून नव्या मशीनसाठी काढलेत, ते मी घेऊन ठेवले होते. ओवाळणीचं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि लगेच दुसरा कंट्रोलर दिला. जंगल पार झालं. बोटांना सगळं आठवत होतं. मग धबधबा आला, मी सवयीनं चार उड्या मारून वर गेलो, आणि खाली लाल पँटवाला गेला. ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "दादा, अजून तस्साच आहेस."

मी हसलो. ती पण हसली. मग तिनं हिशोबच मांडला. एस आला की तू घ्यायचास, मला एल. (एस म्हणजे एकदम पाच गोळ्या पसरून जाणार, तर एलचं बटण घाईनं परत दाबलं की आधीचाच झोत गायब. ज्यांनी खेळलंय त्यांना हा अन्याय कळेल.) आमच्या कॅसेटवर लाईफ संपलेल्याला बटण दाबून दुसऱ्याची लाईफ उचलता यायची, ती तू मला न विचारता उचलायचास. पॉजचं बटण फक्त तुझ्या रिमोटवर. आणि मी "थांब ना, थांब ना" करायचे ते तुला ऐकूच यायचं नाही.

"मग खेळायचीस कशाला?" मी विचारलं.

"मला कॉन्ट्रा कधीच आवडला नाही रे. तुझ्याबरोबर बसायला मिळायचं म्हणून खेळायचे."

यावर काय बोलणार?

ती सांगलीतच राहते, आईबाबांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रिलीजमध्ये अडकलो होतो. पैसे पाठवले, रोज व्हिडिओ कॉल केला. नंतर लोकांना सांगताना मी म्हणायचो, "आम्ही दोघांनी मिळून निभावलं." त्या रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं, हे वाक्य अगदी 'आम्ही मिळून मस्त खेळायचो' सारखंच आहे. एक नंबरच्या रिमोटवाल्याचं वाक्य. तिनं तेव्हाही "थांब ना" म्हटलं असेल. निदान दोनदा तरी म्हटलं होतं, आता आठवतंय.

कोणी म्हणेल, ही त्या जुन्या मशीनची मर्यादा, तिचं कौतुक काय करायचं? मान्य. आता यावर चांगले उपाय आहेत. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' मध्ये अडचणीत आलेला खेळाडू बुडबुड्यात शिरून तरंगत जोडीदाराजवळ जातो. ऑनलाईन गेममध्ये तर ज्याचा त्याचा स्क्रीन वेगळाच. लहान मुलांसाठी या सोयी चांगल्याच आहेत, माझ्या बहिणीला तेव्हा बुडबुडा मिळाला असता तर तिच्या निम्म्या लाईफ वाचल्या असत्या. फक्त त्यात पुढच्याला काहीच करावं लागत नाही. तो आपला पळत राहतो. कॉन्ट्राच्या धबधब्यावर एकच उपाय चालतो: वरच्यानं थांबायचं. दुसरा कोणताही कोड नाही, तीस लाईफवाला सुद्धा. त्या कोडनं फक्त खालचा जास्त वेळा मरू शकतो.

म्हणून मला हा गेम आजही भारी वाटतो. मात्र 'आमच्या वेळचे गेम किती छान, सगळे कसे मिळून खेळायचे' असं कोणी म्हणालं, की आता मी विचारतो, तुझा रिमोट कितवा होता?

असो. गेल्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा मशीन बरोबर नेलं. तिला एक नंबर दिला, मी लाल पँटीत. धबधब्यावर ती भराभर वर गेली आणि मी खालच्या कडेवरून गेलो. "अगं थांब ना!" असं माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आता कसं वाटतंय?" म्हणजे तिलाही तेव्हा सगळं ऐकू येत होतं तर.

येत्या गुरुवारी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी बुधवारी रात्रीच निघतोय, आठवडाभराची रजा टाकून. लॅपटॉप पुण्यातच राहील.